मुक्याला दिलेला पत्ता

त्या संध्याकाळी चष्मेवाले गच्चीवर गेले ते नेहमीच्याच कामाला. एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवायची राहिली होती, ती त्यांनी उद्यावर ढकलली, दुकानाला कुलूप घातलं, आणि घरी येऊन खांद्यावर अँटेना टाकून लोखंडी शिडी चढून वर गेले. अँटेना म्हणजे तरी काय, एका लाकडी काठीवर मोजपट्टीच्या पोलादी पट्ट्या आडव्या ठोकलेल्या. गल्लीतले लोक त्याला माशाचा सांगाडा म्हणत. चष्मेवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. ज्याला आकाशाचं वेड आहे, त्याने गल्लीकडे लक्ष देऊन कसं चालेल?

घरातलं मीठ संपलं आहे याचा त्यांना पत्ता नसायचा. पण कुठलं यान कधी सुटणार, कुठलं चंद्राला वळसा घालून परत फिरलं, कुठल्याचे पंख उघडलेच नाहीत, हे मात्र तोंडपाठ. आणि सगळ्यांत आवडता उद्योग म्हणजे डोक्यावरून जाणारे उपग्रह ऐकणं. जमिनीवर सूर्य बुडालेला असतो, पण वर, उंचावर, अजून ऊन असतं. त्या उन्हात उपग्रह टिकलीएवढ्या ठिपक्यासारखा सरकतो, आणि अँटेना हातात धरून त्याच्या मागे मागे फिरवला की रेडिओत त्याची शिटी येते. जवळ येताना सूर चढा, दूर जाताना उतरता. रस्त्यावरून भोंगा वाजवत गाडी गेली की होतं ना, अगदी तसंच.

त्या संध्याकाळी त्यांना ऐकायचा होता ‘मुका’. हौशी रेडिओवाल्यांनीच मिळून बांधलेला हा उपग्रह फार वर्षांपूर्वी बॅटरी जळून गप्प झाला होता आणि मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिला होता. आणि आता अचानक कुणालातरी त्याची शिटी ऐकू आली होती. असं होतं कधीकधी. बॅटरी मेलेली, पण सौर पंखांवर ऊन पडलं की तेवढ्यापुरता जीव येतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की पुन्हा मरतो. आणि पुन्हा उन्हात आला की जागा होऊन पहिल्यापासून सुरुवात करतो, जणू आत्ताच जन्मला आहे.

तो आला. चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा उभा राहिला, पण आनंदाचा. तारेच्या भाषेत, टिकटिक करत, मुका आपलं नाव सांगत होता. मग बॅटरीचा आकडा. शून्य. पुन्हा नाव, पुन्हा शून्य. इतकी वर्षं कुणी ऐकत नसताना हा बिचारा बोलतच होता की काय, असं मनात येऊन चष्मेवाल्यांना भरून आलं. आणि त्यांनी रेडिओवरचं तारेचं बटण दाबून त्याला उत्तर दिलं.

या हौशी मंडळींची एक रीत असते. पहिल्यांदा कुणाशी गाठ पडली, की आपलं नाव सांगायचं, तुझा आवाज कसा येतोय ते सांगायचं, आणि आपण कुठून बोलतोय तो ठिकाणा द्यायचा. फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणावं तितक्या सवयीने चष्मेवाल्यांनी हे सगळं केलं. नाव दिलं. ठिकाणा दिला.

सावली आली आणि मुका गप्प झाला.

तेवढ्यात खालून शिडीवर चमचा वाजला. टक-टक... टक. ही बायकोची तार. गेल्या वर्षी तिच्या छातीत पेसमेकर बसवला होता आणि डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केली होती, तेव्हापासून ती वर हाक मारायची ती अशी. दोन भरभर, मग थोडं थांबून एक. त्या थांबण्यात तिचा सगळा वैताग मावलेला असे.

“अहो, आकाशातल्या सवतीला निरोप द्या आणि खाली या,” ती ओरडली. “चहाचं पार पाणी झालंय.”

“सवत नाही गं, म्हातारा आहे! मेलेला म्हातारा!”

“मग तर आणखीच छान,” बायको म्हणाली, आणि चष्मेवाले हसत हसत उतरले. पुढे कित्येकदा त्यांना हे हसू आठवायचं.

दुसऱ्या दिवशी मुका पुन्हा आला. त्याने नाव सांगितलं, आणि नावानंतर ठिकाणा सांगितला. चष्मेवाल्यांचा ठिकाणा. त्यानंतर बॅटरीचा आकडा आला. तो शून्य नव्हता.

चष्मेवाल्यांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी लगेच तारमास्तरांना फोन लावला. तारमास्तर म्हणजे तार ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि चष्मेवाल्यांना टिकटिक शिकवली ती त्यांनीच. एरवी मास्तर बोलायला लागले की फोन गरम व्हायचा. आज त्यांनी मध्येच तोडलं.

“तुम्ही त्याला उत्तर दिलंत?” त्यांनी विचारलं.

“दिलं की. म्हटलं, बिचारा...”

“अहो, त्याला ऐकूच येत नाही.”

“म्हणजे?”

“त्याचा ऐकायचा भाग आधी बंद पडला होता. बोलणं नंतर गेलं. मी तेव्हा रोज ऐकत होतो ना त्याला.” मास्तरांचा आवाज अगदी खाली आला. “तो ऐकू शकत नाही, चष्मेवाले. मग तुमचा ठिकाणा... ऐकला कुणी?”

चष्मेवाल्यांनी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू काही जमलं नाही. उत्तर पुन्हा द्यायचं नाही, असं मात्र त्यांनी ठरवलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी मुका त्यांचा ठिकाणा सांगत राहिला आणि बॅटरीचा आकडा चढत राहिला. जळालेली बॅटरी भरत नसते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी आकडा चढतच होता.

आणि बायको थकू लागली. आधी भांडी घासताना मध्येच टेकायची. मग चहा करायला उठायची आणि ओट्याला धरून उभी राहायची. शिडीवरचा चमचाही आता हळू वाजायचा. टक-टक... आणि मग इतका वेळ काहीच नाही, की चष्मेवाले वर श्वास रोखून शेवटच्या ‘टक’ची वाट बघत उभे असायचे.

“डॉक्टरांकडे जाऊ,” ते म्हणाले.

“वय झालंय माझं, त्याला डॉक्टर काय करणार?” ती म्हणाली. “जाऊ उद्या. आज तुमच्या म्हाताऱ्याला ऐकून या.”

त्या संध्याकाळी वारा पडला होता. पान हलत नव्हतं. कुठून तरी जळक्या वायरीसारखा वास येत होता आणि तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. मुका ठरल्या वेळी उगवला, डोक्यावरून गेला, सावलीत शिरला. ठिपका विझला.

शिटी थांबली नाही.

चष्मेवाल्यांनी रेडिओ हलवून पाहिला. शिटी चालूच होती. आणि सूर उतरत नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी ऐकलेला प्रत्येक सूर शेवटी उतरला होता, हा चढत होता. हळूहळू, न चुकता चढत होता. याचा अर्थ त्यांना लगेच कळला, पण मन तो मानायला तयार होईना. जे येत असतं त्याचाच सूर चढतो.

त्यांनी अँटेना आभाळभर फिरवला. वर कुठेच काही नाही, नुसती खरखर. टाकीकडे केला, नाही. समोरच्या इमारतीकडे, नाही. हात दुखायला लागले म्हणून काठी खाली झुकली, आणि शिटी एकदम कानठळ्या बसवणारी झाली. अँटेना गच्चीच्या फरशीकडे रोखलेला होता. खाली घराकडे.

रेडिओ आणि अँटेना घेऊन शिडी ते कसे उतरले ते त्यांचं त्यांना ठाऊक. स्वयंपाकघरात शिटी वाढली. मधल्या खोलीत आणखी वाढली. पुढच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बायको बसली होती, अर्धवट उजेडात, हात मांडीवर. चष्मेवाल्यांना काठी वळवायची होती, दुसरीकडे कुठेही, पण हात ऐकेनात. पट्ट्यांचं टोक तिच्या छातीसमोर आलं आणि सूर स्थिर झाला. चढायचा थांबला.

जे येत होतं ते पोचलं होतं.

“काय हो... माझ्यावर काय रोखून धरलंय ते?” बायको हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

“काही नाही. तू... तू उठू नकोस.”

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “माझ्या आत कुणीतरी... कुणीतरी आपलं नाव सांगतंय...”

आणि तिची मान कलली. त्याच क्षणी रेडिओ गप्प झाला.

ती रात्र दवाखान्याच्या बाकड्यावर गेली. सकाळी डॉक्टर बाहेर आले ते गोंधळलेले होते. पेसमेकरची बॅटरी पार रिकामी झाली होती. जी अनेक वर्षं पुरायची, ती एका वर्षात कशी संपली ते त्यांना कळत नव्हतं. नवा बसवला होता.

“खरं सांगू का,” डॉक्टर म्हणाले, “नवा बसवूनही मघाशी ठोका लागत नव्हता. आम्ही आशा सोडली होती. मग खिडकीतून ऊन आलं, आणि बाई आपोआप चालू झाल्या. आता अगदी छान आहेत. भाग्यवान आहात.”

चष्मेवाले आत गेले. बायको पलंगावर बसली होती आणि उन्हाकडे तोंड करून हसत होती. त्यांना पाहून ती म्हणाली, “कुणी आहे का?”

घरी आल्यावर लोक भेटायला आले, सगळे म्हणाले, तब्येत सुधारली हो. सुधारलीच होती. गालावर रंग आला होता. पण लोक येत ते दिवसा. आभाळात ढग आला की काय होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी पाहिलं होतं. चहाचा कप ओठांपर्यंत नेलेला, “आज दुकान” एवढं म्हणून झालेलं, आणि ढग सूर्यावर आला. ती तशीच राहिली. डोळे उघडे, कप तिरका, चहा सांडतोय. ढग सरला. “उघडायचं नाही का?” तिने वाक्य पुरं केलं आणि घोट घेतला.

तेव्हापासून चष्मेवाले दिवसभर तिची खुर्ची उन्हामागे सरकवत राहिले. दुकान बंदच होतं. संध्याकाळी शेवटचं ऊन भिंतीवरून गेलं की ती थांबायची, आणि सकाळी पहिलं ऊन पायावर पडलं की विचारायची, “कुणी आहे का?” रोज तेच, त्याच आवाजात. तिला त्यांची खोड काढणं आठवत नव्हतं. सवत आठवत नव्हती. शिडीवर चमचा तर तिने एकदाही वाजवला नव्हता. चष्मेवाल्यांना तिची भीती वाटायची, आणि आपल्याच बायकोची भीती वाटते म्हणून रडू यायचं. सांगणार कुणाला? सगळे रिपोर्ट उत्तम होते.

ते महिनाभराने गच्चीवर गेले. नक्की कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली गॅलरीत ऊन नुकतंच संपलं होतं. खुर्चीतली बाई रस्त्याकडे बघत थांबली होती, एक हात उचललेला. त्यांनी तो हात खाली ठेवला नाही. वर येऊन रेडिओ लावला आणि मुक्याच्या वाटेवर अँटेना धरला.

खरखर. मग लांबून, चढ्या सुरात काहीतरी आलं. नाव नव्हतं. आकडा नव्हता.

टक-टक... टक.

चष्मेवाल्यांनी काठी ठिपक्याच्या मागे वळवली. पुन्हा आलं. दोन भरभर, मग थांबून एक. तो थांबाही तोच, तेवढाच, वैतागलेला. पोलादाच्या त्या मेलेल्या डब्यातून, एवढ्या उंचीवरून, कुणीतरी त्यांना चहाला बोलावत होतं.

“अगं...” ते म्हणाले. “अगं, तू तिथे...”

ठिपका डोक्यावरून पुढे गेला. सूर उतरू लागला. ती दूर चालली होती, आणि पुढे सावली होती. सावलीत शिरली की ती विझणार, आणि पुन्हा जागी होताना तिला काही आठवेल की नाही, कुणी सांगावं? एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. जो मेलेला होता त्याला ठिकाणा मिळाला आणि तो आला. मग हिला मिळाला तर? चष्मेवाल्यांनी बटणावर बोट ठेवलं. आपलं नाव दिलं. ठिकाणा द्यायला बोट पुन्हा उचललं.

खाली आता काळोख झाला होता. गॅलरीत उन्हाचा कवडसाही नव्हता. तरीही खुर्ची करकरली. मग शिडीच्या पहिल्या पायरीवर कुणीतरी पाय ठेवला आणि लोखंड कुरकुरलं.

“अहो,” खालून बायकोचा गोड आवाज आला, “तिला पत्ता देऊ नका.”