रुझाचा पायबंद

स्तानियाच्या आठवणींचं पुस्तक लिहून झालं होतं. राहिली होती ती फक्त अर्पणपत्रिका. बेलग्रेडचा छापखानेवाला चिठ्ठ्या धाडून डोकं खात होता. पण जिला पुस्तक अर्पण करायचं, तिचं नावच स्तानियाला आठवेना. चारशे पानं लिहिणाऱ्या बाईला हे शोभत नव्हतं, आणि तिला त्याची लाजही वाटत होती.

म्हणून भर दुपारी ती शेजारच्या पेर्सिदाकाकूकडे गेली. स्तानियाची बहीण रुझा गेली त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी आता काकूच तेवढी उरली होती. तिने रीतीप्रमाणे चमचाभर मुरांबा आणि पाणी पुढे ठेवलं.

"साठ वर्षं झाली, काकू. रुझा गेली तेव्हा मी सात वर्षांची."

दोघी बहिणी वेगवेगळ्या वर्षी, पण एकाच महिन्यात जन्मलेल्या. गावची समजूत अशी, की अशा जोडीतली एक गेली की दुसरीला ओढून नेते. म्हणून जिवंत मुलीचा पाय मेलेलीच्या पायाशी घोड्याच्या लोखंडी पायबंदाने जखडायचा. मग परक्या घरची कुणीतरी पुढे होते, 'आजपासून मी तुझी बहीण' म्हणते, कुलूप काढते, आणि मुलगी सुटते. स्तानियाला कानाशी आलेला तो आवाज आठवत होता. गार, लहान बोटं आठवत होती. चेहरा तेवढा नाही.

"कोण होती ती? सुताराची मुलगी?"

"कशाला खोदत बसतेस? मुरांबा खा."

"नाव सांग, काकू. पुस्तक तिच्या नावाने करायचंय."

"अगं, पुढे झालंच कोण! पटकीने गेलेली पोर. तुझी आई हाका मारून थकली. सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. मीही. अठराची होते, पण पाय उचलला नाही." काकूने डोळे पुसले. "मग तू रुझाकडे मान वळवलीस. ऐकत होतीस काहीतरी. आणि कुलूप आपलं आपण सुटलं."

"मी काही बोलले?"

"बोललीस ना. 'आत्ता नाही. सगळं सांगून झालं की येते.'"

स्तानिया घरी आली ती जवळजवळ पळतच. शेवटच्या पानावरचं 'समाप्त' तिने चाकूने खरवडून काढलं आणि खाली लिहिलं, 'अजून एक आठवण.'

तिने मागची पानं भराभर चाळली. लग्न, वैधव्य, दोन युद्धं, पुरलेली मुलं, आईच्या हातची भाकरी. सगळं लिहून झालेलं.

लेखणीवरची शाई वाळली. तिने पुन्हा बुडवली. तीही वाळली.

सांगायचं काहीच उरलं नव्हतं.

टेबलाखाली डाव्या घोट्याला गार लोखंड लागलं. लहान बोटं ते नीट बसवत होती, घाई न करता.