घाटावरून आलेले तिघं

ऐका पोट्टेहो. मधे तोंड घालाल तर उठून जाईन. मयताचा निरोप दिला तर आधी तो पोहोचवावा, मंग कुठं उलथायचं तिथं उलथावं. लकडगंजात माह्यासंगं आरा मशीनवर लाकडं चिरणाऱ्या रुपरावनं नाही पोहोचवला.

त्र्याऐंशी सालची मार्गशीर्षातली अमावस्या. रुपरावचा बाप त्या दिवशी गेला. काम साधं होतं. रुपरावनं मसणघाटावरून सगळ्यांच्या पुढं घरी जावं अन् दाराबाहेर पाण्याची बादली, कडुनिंबाचा पाला ठेवायले बायकोले, सुभद्राले सांगावं. घाटावरून आलेला माणूस पाय धुते, पाला चावते, मंगच उंबरा ओलांडते. नाही तर घाटावरचं काहीबाही मागोमाग घरात शिरते.

पण रुपराव पेटला होता. बिछान्यातल्या बापाचं हागणं-मुतणं त्यानं काढलं, अन् सकाळी भिवापूरहून उगवलेल्या मोठ्या भावानं, मधुसूदननं, अग्नी दिला. वरून निरोप्या म्हणून यालेच पिटाळलं. रुपराव घरी गेलाच नाही. सरळ बारमधे शिरला.

एकटाच बसला. जरा वेळानं तिघं येऊन समोर बसले. चांगल्या घरचे दिसत होते.

"काहून गा, एकटाच?"

रुपरावनं सगळं ओकलं. तिघं मान हलवत, अन् त्याच्याहून जहाल शिव्या त्याच्या भावाले देत. रुपरावले बरं वाटलं. तापलेल्या गाढवाले असेच लोक गोड लागतात.

"मेला पाहिजे तो," रुपराव बोलून गेला.

"होऊन जाईन तेही," एक जण हसला. "दारात पाणी ठेवलं काय?"

"नाही. जाऊ दे खड्ड्यात."

"बरं केलं. मंग चाल. मधुसूदनले घेऊन येऊ."

रुपरावचा हात थांबला. नाव... नाव तर त्यानं सांगितलंच नव्हतं. नुसतं भाऊ, भाऊ म्हणून राहिला होता.

तिघं त्याच्याकडं पाहून राहिले. हसूनच. पापणी... एकाचीही लवत नव्हती.

रुपराव पळाला. मागं पाहिलं नाही.

दारात मधुसूदन. एक पाय उंबऱ्यावर. रुपरावनं त्याले मागं ओढलं.

"सुभद्रा, पाणी आण. पाला आण."

"पिऊन आला काय बे? आजच्या दिवशी?" मधुसूदन म्हणे.

"आलो. तू पाय धू आधी."

दोघांनी पाय धुतले. पाला चावला. दार लावलं. रुपराव दाराले पाठ लावून बसला.

मंग... टकटक.

"रुपराव गा... उघड ना. तूनंच म्हटलं होतं, मेला पाहिजे."

मधुसूदननं ऐकलं. सगळं.

रुपराव उठला. दातावर दात ठेवून म्हणे, "त्याले शिव्या द्यायचा हक माहा हाय. तुमच्या बापाचा नाही. निघा."

मंग काहीच नाही...

सकाळी शेजारची इंदूबाई बाहेरून बोलली, "सुभद्रा वं, तुमच्या दाराले बाहेरून कडी कोणं लावली?"

कडीले कोऱ्या मादरपाटाची, मयताले गुंडाळतात त्या कापडाची, चिंधी बांधलेली. पक्की गाठ. ओली.

इंदूबाई म्हणे, मी हात नाही लावत. तेरवी झाली, तवा मधुसूदन मागच्या दारानंच भिवापूरले निघाला. रुपराव त्याची पेटी उचलून स्टँडपर्यंत गेला, रस्ताभर त्याले शिव्या देत.

समोरचं दार अजून कोणी उघडलं नाही.