तव्यावर न पडणारी भाकरी

भाकरी तव्यावर पडायलाच तयार नव्हती! खटक्याने हात तव्यावर नेऊन उपडा केला, तरी ती आपली तळव्यालाच चिकटलेली. त्याने हात झटकला, तशी ती सुटली आणि उडून थेट छताला थापली गेली.

"झालं! आता शिडी आणा," शाल्मली वैतागली.

चंद्रावरच्या वसाहतीतलं ते स्वयंपाकघर. तिथल्या शेतातली पहिलीवहिली ज्वारी नुकतीच दळून आली होती. खटक्या या यंत्रमानवात पृथ्वीवरच्या एका सुगरणीच्या हाताच्या सगळ्या हालचाली भरलेल्या होत्या. शाल्मलीची आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूला दुर्बीण उभारायला गेली होती. डब्यातलं खाऊन खाऊन कंटाळलेली ती आज संध्याकाळी घरी येणार होती. "मी करते ना तुला भाकरी!" असं शाल्मली बोलून बसली होती. खटक्याच्या जिवावर मारलेली बढाई आता अंगाशी आली.

"आजोबा, याला सगळं येतं, मग असं का?"

आजोबा मेंदूचे शास्त्रज्ञ. चष्मा वर सरकवत ते म्हणाले, "याला येतं ते पृथ्वीवरचं. इथे गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली खेचणारी ओढ) तिथल्या सहाव्या हिश्श्याएवढंच. तिथे भाकरी आपल्या वजनाने सुटते. इथे वजन कमी पडतं, पण पिठाचा चिकटपणा काही कमी होत नाही."

"एवढंच ना? मग मीच करते!" शाल्मलीने बाह्या सावरल्या. पहिली भाकरी फाटली. दुसरीही. नंतरची तर हातातच गोळा झाली. तिचे डोळे भरून आले. "मला कळलंय सगळं, तरी का जमत नाही?"

"तुला कळलंय गं. तुझ्या हाताला कुठे कळलंय?" आजोबांनी पीठ पुन्हा मळायला घेतलं. "डोक्याच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्क (तोल आणि हालचाली सांभाळणारा छोटा मेंदू) असतं. हात कुठे जायला हवा होता आणि गेला कुठे, हा फरक ते हेरतं आणि पुढची हालचाल जराशी सुधारतं. पुन्हा पुन्हा केलं की चेतापेशींची (निरोप पोचवणाऱ्या पेशींची) जोडणी पक्की होते. मग हात आपोआप चालतो. तुझी फाटलेली भाकरी काही वाया गेली नाही."

शाल्मलीने नाक पुसलं आणि पुन्हा गोळा घेतला. फाटली की मळायची, मळली की थापायची. दुपारभर हेच. मग कधीतरी तिचा तळवा न झटकता अलगद बाजूला सरकला आणि भाकरी तव्यावर पडली. वाकडीतिकडी, पण अख्खी!

संध्याकाळी आई घरी आली. पहिला घास तोंडात घालून ती डोळे मिटून नुसती चावत राहिली.

"आता तू बस गं, मी करते. लहानपणापासूनचा हात आहे माझा," म्हणत आई उठली. छान गोल भाकरी थापून तिने हात उपडा केला. भाकरी तळव्यालाच! आईने झटकायला हात उचलला.

"अगं, झटकू नकोस!" शाल्मलीने धावत जाऊन आईचा पिठाचा हात धरला. "असा सरकव, हळू. पहिल्यांदा फाटेल हं, फाटू दे. मग परत करायची."

खटक्याने मुकाट्याने एक गोळा उचलला आणि तोही त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.