गुरांचं सफरचंद

मंगळावरच्या अरुणपीठ वसाहतीच्या प्रयोगशाळेत चारशे बारा झाडांची पहिली फळं मांडून ठेवली होती आणि त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. हे कळायला संचालक डॉ. यशोधन खांबेटे यांना सहा वर्षं लागली. कोकणातल्या कुठल्याही आजीला सहा मिनिटं पुरली असती.

मंगळाच्या धुळीत एक क्षार असतो. तो पाण्यातून पोटात जातो, गळ्यातल्या ग्रंथीला खीळ घालतो आणि मुलांची वाढ थांबवतो. त्यावर उतारा एकच सापडला होता, ‘काळसर’ नावाच्या जुन्या, विलक्षण आंबट सफरचंदाची साल. पृथ्वीवर लोक या फळाचा शिरका करत, सालीनं कातडी कमावत, पोट फुगलेल्या गाईला ते चारत. म्हणून खांबेटे त्याला गुरांचं फळ म्हणत. शेवटच्या झाडाच्या बिया त्यांनी थाटामाटात ‘बीजकोशा’त ठेवल्या आणि आता बी सुरक्षित आहे म्हणून झाड तोडायला लावलं. एवढा मूर्खपणा करायला माणूस फार शिकलेला असावा लागतो.

वाळवलेल्या सालीचा साठा चिमूटचिमूट वाटूनही आता तीन वर्षांचाच उरला होता. बागप्रमुख वनिता आयरे यांची नात जुई चार वर्षांची होती आणि दिसायची दोनची.

“खाण तशी माती,” खांबेटे फळं पाहायला जमलेल्या समितीला म्हणाले. “बी काळसरचंच होतं. लागवडीत गफलत झाली.”

जनुकतज्ज्ञ डॉ. नूरजहाँ मुकादम यांनी फळ खाली ठेवलं. “सर, सफरचंदाच्या बीत आई काळसर असते आणि बाप कुठलाही. प्रत्येक बी म्हणजे नवीनच झाड. काळसर ही नुसती जात नाही, ते एकच झाड आहे, तीनशे वर्षांचं. त्याची फांदी दुसऱ्याच्या मुळावर बांधायची, तिची तिसऱ्याच्या. अंग बदलतं, झाड तेच.”

“हापूसची कोय पुरून हापूस आला काय कोणाच्या परसात?” वनिताबाई म्हणाल्या. “रायवळच येणार.”

“बाई, तुम्ही कलमं बांधता. मी विज्ञान करतो.”

 वनिताबाईंनी खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं. शोभेचं ते सफरचंद खांबेट्यांनी खास परवान्यावर पृथ्वीवरून आणवलं होतं आणि त्याला हात लावायची कुणालाही मुभा नव्हती. “त्याला खालून एक काळपट फांदी फुटलीय, साहेब. झाडाची शोभा जाते.”

“आणि हे तुम्ही समितीसमोर सांगता?” खांबेटे संतापून उठले. त्यांनी कात्री घेतली, फांदी स्वतः छाटली आणि वनिताबाईंच्या पुढ्यात फेकली. छाटणीचा कचरा माळ्याचा, असा वसाहतीचा नियमच होता.

वनिताबाईंनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली. कृत्रिम थंडीच्या हिवाळकक्षातून ती कुंडी नुकतीच बाहेर आली होती; फांदीवर सतरा डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब होते, सगळे झोपलेले, कलमाला अगदी हवे तसे.

पृथ्वी सोडण्याआधी त्या शोभेच्या झाडावर काळसरचा एक डोळा त्यांनीच बांधला होता. आधी सांगितलं असतं तर ‘बियांखेरीज काही आणू नये’ या नियमानं अख्खी कुंडी भट्टीत गेली असती.

आठवड्याभरात त्या चारशे बारांतल्या सतरा झाडांचे शेंडे उडाले आणि त्यांवर कलमं बसली. खांबेटे धावत आले. “हे काय आहे?”

“काळसर,” मुकादम म्हणाल्या. “उगम, संचालकांचं खासगी झाड. छाटणी, संचालकांच्या हातची, समितीसमोर. बेकायदा वाटत असेल तर तक्रार करा. परवान्यावर सही तुमचीच आहे.”

त्यांनी तक्रार केली नाही.

तिसऱ्या वर्षी, साठ्याचा डबा खरवडायची वेळ आली तेव्हा, फळं धरली. जुईनं पहिली ताजी साल तोंडात घेतली, रडली आणि पुढच्या वर्षभरात चार बोटं वाढली. क्षार मोठ्यांनाही सोडत नाही, त्यामुळे भोजनगृहात रोज सकाळी सगळी वसाहत रांगेत उभी राहते. खांबेट्यांचा चमचा वनिताबाई स्वतः भरतात आणि ते गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.