पोशेऱ्याच्या मातीची चोरी

"बोटं दाखव," हर्षाली म्हणाली. फागीनं हात पुढे केला. दोन बोटं काळी पडली होती. बायकोबरोबर तपासाला आलेल्या तुळशीदासांनी मनातल्या मनात खटला तिथेच निकालात काढला.

२००७ चा एप्रिल. जव्हारच्या एका कॉलेजात हर्षाली दोन वर्षं संशोधन करत होती. फागीनं पोशेऱ्याच्या आपल्या शेतातून आणून दिलेल्या मातीत तिला एक जिवाणू सापडला होता. चांदीच्या बिनरंगी द्रावणात तो सोडला, की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होत आणि द्रावण तपकिरी होई. आज सकाळी जिवाणूंची नळी गायब होती आणि द्रावणाची बाटली कलंडलेली होती. फागी तिथली रोजंदारीवरची मदतनीस; हर्षालीनं तिलाच चोर ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत नळी मिळाली नाही, तर तिचं काम जाणार होतं, वर पोलिसही येणार होते.

"हे द्रावण कातडीला लागलं की काळा डाग पडतो. साबणानंही जात नाही," हर्षालीनं सांगितलं.

"लगेच पडतो?" प्रतिभाबाईंनी विचारलं. जव्हारात खाजगी तपासाची पाटी त्यांची होती. ती रंगवून देणारे त्यांचे यजमान म्हणजे तुळशीदास.

"नाही, उजेडात गेल्यावर." प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते.

"बाय, मी परवा टाचंच्या भेगांना बिब्बा लावला," फागी म्हणाली. "त्याचंच काळं हाय." बोटांवर बारीक फोडही उठले होते.

"सोयीची सबब," तुळशीदास पुटपुटले.

हर्षालीचा सहकारी मंगेश व्हरांड्यात तिखटमीठ लावून कैरी खात होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

"काल कोयता लागला. खोल गेलाय," तो म्हणाला. "मीही खोडाळ्याच्या मातीत असाच जिवाणू शोधतोय. अजून निघाला नाही, पण म्हणून हिची नळी घेऊन काय करू?" कैरीच्या रसानं आणि तिखटानं पट्टी ओली, लाल झाली होती. त्यानं बोटं चाटली आणि तुळशीदासांना एक फाक दिली. पोरगा त्यांना फार सज्जन वाटला.

प्रतिभाबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं.

"बिब्बा उततो, फोड आणतो. चांदीचा डाग नुसताच काळा असतो. म्हणजे फागी खरं बोलते. चोर काळोखात शिरला, बाटली कलंडली, बोटं भिजली. बाहेर उजेडात ती काळी झाली. मग झाकायची कशी? मंगेश, खोल जखमेत तिखटमीठ मुरलं असतं तर तू व्हरांडाभर नाचला असतास. सोड ती पट्टी."

पट्टीखाली साधा ओरखडाही नव्हता. बोटं मात्र काळीकुट्ट होती.

"तिचा जिवाणू माझा म्हणून दाखवणार होतो," मंगेश कसाबसा म्हणाला. नळी त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत निघाली. दिवसभर उन्हात तापून आतलं सगळं मेलं होतं.

हर्षालीनं नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाली, "फागी, तुझ्या शेतातली थोडी माती पुन्हा आणशील?"

"माती हाय तिथंच हाय," फागी म्हणाली. "पन आता मी आनायची नाय. तुमी पोशेऱ्याला या. माज्या घरी पानी प्या. मला चोर म्हनालात, ते गावासमोर मागं घ्या. मंग खना."

दोन वर्षांत हर्षाली त्या शेतावर एकदाही गेली नव्हती. तिनं खाली मान घालून "येते" म्हटलं.

"मीही येतो," तुळशीदास म्हणाले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती.