तेल कोमट होतं

पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून, बुडवून कडक करायचं, तर खोलीत अंधार हवा, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही विचाराल, भर दुपारी ही बाई खिडक्या लावून काय करत होती? उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही. आणि 'पाणी' म्हणत असले तरी आमच्याकडे लांब पातं बुडवतात तेलात. घरामागच्या भट्टीच्या खोलीत त्यासाठी कमरेएवढ्या उंचीची, तेलाने भरलेली लोखंडी नळी उभी आहे.

हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. नवरा शाळामास्तर, त्याला सांडशीसुद्धा धरता येत नाही. "मुलगा वाया गेला, पण सून कामाची निघाली," बाबा येईल त्याला सांगायचे. ते डावखुरे होते. प्रत्येक वस्तू नळीच्या डावीकडे टांगायचे, आणि मी चिडून उजवीकडे आणायची.

ते गेले तेव्हा एक लांब पातं पाणी द्यायचं राहिलं होतं. त्यांनी ठोकलेलं शेवटचं. बाकी सगळी कधीच गिऱ्हाइकांकडे गेली होती. हे तडकलं की घरात त्यांच्या हातचं काहीच उरणार नव्हतं, म्हणून सहा महिने मी त्याला शिवले नाही.

त्या दुपारी शिवले. पातं निखाऱ्यांत मागेपुढे सरकवत राहिले. भात्याची घरघर, कोळशाचा वास, बाकी सगळा काळोख. टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा रंग आला. तारेला बांधलेलं लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटेना, म्हणजे पोलाद पुरतं तापलं. पातं काढलं आणि सरळ नळीत सोडलं. टोक आत शिरलं न् आठवलं.

तेल तापवलंच नव्हतं...

आधी भट्टीत लाल केलेली लोखंडी कांब बुडवून तेल कोमट करायचं, मगच पातं, हा बाबांचा नियम. गार तेलात लांब पातं वाकतं, नाहीतर तडकतं. अर्ध्यात थांबणं त्याहून वाईट. मी डोळे मिटून ते पूर्ण बुडवलं आणि 'टिक्' आवाजाची वाट पाहत राहिले.

आवाज आला नाही. पातं बाहेर काढलं, तर सुतासारखं सरळ. माझा जीव भांड्यात पडला. नळीला हात लावला. वरपासून तळापर्यंत कोमट. पात्यानेच तापली असेल, म्हटलं.

तेवढ्यात बाजूला ऐकू आलं... टप... टप...

कांब खिळ्याला टांगलेली होती. तेल गळत होतं, धूर निघत होता. नळीच्या डावीकडे.

"बाबा?"

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त रडू आलं. "फार उपकार झाले, बाबा," मी म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "तूच टांगली असशील, विसरली असशील," तो म्हणाला.

"डावीकडे?"



ते पातं आता बैठकीच्या खोलीत आहे. येता-जाता मी त्याला हात लावते, आणि दर वेळी मनातून बरं वाटतं. अजूनही वाटतं.

फक्त आज सकाळी भट्टीच्या खोलीचं दार उघडलं, तर नळीला टेकून एक नवं पातं उभं होतं. नुकतंच ठोकलेलं, पाणी न दिलेलं. हातोडीच्या खुणा डावखुऱ्या हाताच्या. लांबी माझ्या कमरेपर्यंत, बरोबर नळीत मावेल एवढी.

भट्टी मी अजून पेटवलेली नाही. तेल मात्र कोमट झालंय.