डॉक्टरांच्या गाडीची थरथर

वाटूर फाट्यावरच्या गॅरेजात राजानंद पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला एका जीपखालून बाहेर आलेले दोन पाय तेवढे दिसले. "मिस्त्री, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथर करून राह्यलंय," तो त्या पायांनाच म्हणाला. पाय सरकत बाहेर आले आणि मागोमाग कमरेला ओढणी खोचलेली, गालाला ग्रीस लागलेली भावना उभी राहिली. जनावरांचा हा तरुण डॉक्टर इतका गडबडला की म्हणाला, "माफ करा हं... ताई."

ते 'ताई' भावनाला का कोण जाणे, बिलकुल आवडलं नाही.

तिनं गाडी परतूरच्या रस्त्याला पिटाळून आणली. ब्रेक दाबल्यावर सीट हलत नव्हती, स्टेअरिंगच हलत होतं, म्हणजे खोट पुढच्या चाकांत. चाक उतरवून आतली लोखंडी डिस्क फिरवून पाहिली, तर ती कणभर वाकडी निघाली. भावनानं दोन्हीकडच्या डिस्क बदलल्या आणि गाडी शहाण्यासारखी थांबायला लागली.

त्यानंतर डॉक्टर रोज थांबायला लागले. खेडोपाडी गायी-म्हशी तपासून जालन्याला परतताना गॅरेजसमोर गाडी लागायची. "दुरुस्ती काही न्हाई, चहा घ्यावा म्हणलं," असं म्हणत तो बाकड्यावर टेकायचा. मग भावना बोअरची नळी उचलायची. "बसा तुम्ही, तवर मी धूळ काढते." गॅरेजात गाड्या धुण्याचा धंदा नव्हता. तरी ही एक गाडी रोज धुतली जायची, आणि तिचे वडील, भिवा मिस्त्री, नेमके त्याच वेळी पाने शोधण्यात गुंग व्हायचे. ती सुरुवात चाकांपासून करायची. खाली बसलं की पाठ त्याच्याकडे व्हायची आणि गालातलं हसू लपायचं.

"एवढी निगा तर मी माझ्या पेशंटची राखत न्हाई," तो मागून म्हणायचा.

"तुमचे पेशंट शिंगं मारत असतील. ही गरीब हाये."

"मालकावर गेलीय."

हळूहळू ते 'ताई' कुठंतरी गळून पडलं.

आणि मग थरथर परत आली. भावनानं पुन्हा नव्या डिस्क टाकल्या. काही दिवसांनी पुन्हा तेच. त्या दिवशी बाकड्यावर चार गिऱ्हाईकं बसलेली होती, सगळ्यांचे कान टवकारलेले. भावनाला आपल्या कामाला लागलेला बोल सोसवला नाही. "माझं काम बराबर हाये, डॉक्टर. तुमचाच पाय जड. नांगर दाबल्यावानी ब्रेक दाबता."

बाकडं खो खो हसलं. राजानंदही हसायला गेला, पण त्याचे कान लाल झाले. चहा तसाच ठेवून तो निघाला. पुढं ती पांढरी गाडी फाट्यावरून जायची ती न थांबताच.

एके दुपारी नांदेडहून आलेल्या जीपवाल्यानं चाकांवर ओतायला बादली उचलली. भावना ओरडली, "तापल्या चाकावर गार पाणी नका टाकू दादा, डिस्क वाकती..." आणि तिची नजर बोअरच्या नळीवर गेली. रोज पळून आलेली, हात लावला तर चटका बसेल अशी डिस्क. रोज बोअरचं गार पाणी. रोज चाकांपासून सुरुवात.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी तिनं स्वतःच्या हातांनी बिघडवली होती, आणि चारचौघांत हसं केलं होतं त्याचं. फोन लावायला ती रोज नंबर काढायची आणि रिंग जायच्या आत कापायची. सांगणार काय? पाणी मारलं हे सांगितलं, तर का मारलं हेही सांगावं लागणार. ते तर तिनं अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी ती गाडी आली, पण सोबत धावडा गावचा कल्याण होता. गाडी विकत घ्यायला आलेला. राजानंद भावनाकडे न बघताच म्हणाला, "गाडी विकून राह्यलो. ह्यांना खोट सांगा म्हणलं. गाडी चांगली हाये, पाय माझा जड हाये. आता एसटीनंच जात जाईन."

म्हणजे फाट्यावर थांबणं कायमचं संपलं. भावनानं बाकड्याकडे पाहिलं. तीच गिऱ्हाईकं, तेच कान.

"पाय जड न्हाई त्यांचा," ती म्हणाली. "चूक माझी हाये. तापल्या चाकांवर रोज मीच पाणी मारलं. डिस्क त्यानं वाकल्या. आन् डॉक्टर, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले."

कल्याणनं कपाळाला आठ्या घातल्या. "मिस्त्रीन असून तापल्या चाकावर पाणी मारता? सगळ्याच गाड्यांचं असं करता की काय?"

"न्हाई," भावना जमिनीकडे बघत म्हणाली. कानशिलं पेटली होती. "बाकी कुणाची गाडी मी धुतच न्हाई."

या वेळी बाकडं हसलं नाही. भिवा मिस्त्री मात्र भलतेच खोकले आणि कल्याणला हाताला धरून चहाला घेऊन गेले. त्यांच्यामागोमाग बाकडंही नाइलाजानं उठलं.

तिनं मान वर केली, तर तो तिच्याकडेच बघत होता... कान पुन्हा लाल, पण आज रागाचं नाव नव्हतं.

"मला वाटलं, मी रोज येतो त्याचा तुम्हाला वैताग आला," तो म्हणाला. "म्हणून तसं बोलल्या."

"मला माझीच लाज वाटून राह्यलीय, डॉक्टर."

"मंग बराबरीत हावोत. जालन्याला जायला मला दुसरा रस्ता जवळचा पडतो. एवढे दिवस लपवलं."

ती हसली, आणि डोळे का भरून आले ते तिला कळलं नाही. तिनं ओढणीच्या टोकानं ते पुसले आणि गालावर ग्रीस फासून घेतलं. त्यानं खिशातला रुमाल काढला, पुढं केला आणि तसाच धरून राहिला.

"रविवारी आईला घेऊन येतो," तो हळूच म्हणाला. "तुमच्या घरी. गाडी न्हाई विकायची आता... जालन्याहून धुऊनच आणतो."

भावनानं रुमाल घेतला.

"धुऊ नका," ती म्हणाली. "ती गार होईस्तोवर बसा. मी धुते."